सदाशिव निमकरांचा अठ्ठाविसावा गड

लखनौला सगळं आहे. नदी आहे, बागा आहेत, दुपारी चारला गरम खस्ता कचोरी देणारी शेकडो दुकानं आहेत. नाही तो फक्त चढ. वृंदावन योजना या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला चढ म्हणून काही बघायचंच असेल, तर त्यानं रस्त्यावरचा उड्डाणपूल बघावा आणि समाधान मानावं. सदाशिवराव निमकर या शहरात तीस वर्षं सुखानं राहिले, त्यामागचं एक मोठं कारण हे सपाटपण होतं. ते कारण त्यांनी आजवर कुणाला, अगदी बायकोला, सुलभाताईंनाही, सांगितलेलं नव्हतं.

त्याचं असं होतं, की सदाशिवराव गड चढणारे म्हणून प्रसिद्ध होते. पेशानं ते उसाचे शास्त्रज्ञ. उसाच्या रोगांवर त्यांचे एकवीस निबंध आहेत आणि ते कुणी वाचलेले नाहीत. गडांचं मात्र सगळ्यांना ठाऊक. लखनौला आले त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत एका पाहुण्यानं सहज विचारलं, "आप तो किलों वाले इलाके से हैं, चढ़े-वढ़े होंगे?" हेही सहज "हाँ हाँ, क्यों नहीं" म्हणून गेले. परमुलखात माणूस एकदा असं बोलला की त्याची सुटका नसते. पुढच्या गणपतीत एकाचे तीन गड झाले, त्याच्या पुढच्या वर्षी सात. बघता बघता सदाशिवराव जागचे न हलता सत्तावीस गड चढले.

खरं एवढंच होतं, की कृषी महाविद्यालयात असताना बारा मुलं मावळातल्या एका गडावर निघाली होती आणि त्यांत ते होते. पायथ्याच्या गावात खाल्लेलं मटण त्यांच्या पोटाला मानवलं नाही. वरचा कातळ शेवाळलेला, म्हणून बाकीच्या अकरा जणांनी चपला काढल्या, मारुतीच्या देवळात ठेवल्या आणि चपलांपाशी सदाशिवला ठेवलं. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत त्यांनी बावीस चपला सांभाळल्या. खाली आल्यावर ते अकरा जण जे काही बोलले, त्याच्यावर सदाशिवरावांची पुढची सगळी चढाई उभी होती.

हे ज्याला कधी कळू नये असं त्यांना वाटे तो माणूस एकच, सुबोध खरे. रेल्वेतला निवृत्त इंजिनिअर, गोमती नगरला राहणारा, दर रविवारी चारला निमकरांकडे चहाला येणारा. तीस वर्षांत हा रविवार चुकला नव्हता. त्याची बायको विभा गेली त्या आठवड्यात निमकर त्याच्याकडे चहा घेऊन गेले होते, त्यामुळे तोही चुकला असं म्हणता येत नाही. सुबोध बोलायला कमी, पण ऐकायला बसला की बसला. "सदा, ते मारुतीच्या देवळाचं सांग ना," असं तो दर दोन-तीन महिन्यांनी म्हणायचा आणि सदाशिवराव सांगायचे.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी सुबोधनं कप खाली ठेवला आणि सांगितलं, की सावनीनं, म्हणजे त्याच्या मुलीनं, नाशिकला खोली तयार ठेवली आहे. पाच फेब्रुवारीचं तिकीट झालं आहे. सुलभाताई उठून आत गेल्या आणि कारण नसताना आणखी चहा टाकला.

"जाण्याआधी एक कर," सुबोध म्हणाला. "मला एकदा गडावर ने. सव्वीस जानेवारी सोमवारी आलीय. शनिवार, रविवार, सोमवार, सलग सुट्टी."

दोघेही निवृत्त. सुट्टीशी त्यांचा संबंध उरला नव्हता. पण सलग सुट्टीचं अप्रूप नोकरी सुटल्यावर वाढतं, कमी होत नाही.

"इथं कुठला गड आलाय?" सदाशिवराव म्हणाले. आवाज जमेल तेवढा खेदाचा ठेवला.

"सूरजगढी. बुंदेलखंडात. मी बांद्याला होतो तेव्हा लांबून बघायचो. टेकडीच आहे म्हण, पण वर भिंती आहेत, देऊळ आहे. खाली तंबू लावू. तुला काय, हातचा मळ."

सदाशिवरावांनी गुडघे, रक्तदाब, थंडी, धुकं अशी एकेक सबब मनात उचलून बघितली आणि परत ठेवली. पाच तारखेनंतर हा माणूस रविवारी येणार नव्हता. अशा माणसाला नाही म्हणता येत नाही. आणि हो म्हटलं तर तीस वर्षांचं पितळ शेवटच्या आठवड्यात उघडं पडणार होतं. सुबोधनं जाताना आपल्याला खोटा माणूस म्हणून बरोबर न्यावं, या विचारानं त्यांना त्या रात्री झोप लागली नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारचे पृथ्वीराज सिंह, सिंचाई विभागातून निवृत्त झालेले, दुसऱ्या दिवशी सकाळीच सल्ला घेऊन आले. लाठी हवी, सरसों का तेल हवं, फिटकरी, म्हणजे तुरटी, हवी.

"डॉक्टर साहब, हम आपको मना नहीं कर रहे," ते म्हणाले. "बस बता रहे हैं कि हमारे फूफाजी भी पहाड़ पर गए थे."

"फिर?"

"फिर क्या, लौट आए. मगर वो बात नहीं रही."

फूफाजींची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, ती बात नेमकी कोणती, हे सदाशिवरावांनी विचारलं नाही. काही गोष्टी न कळलेल्याच बऱ्या असतात.

मग तंबू आला. तो मुक्तानं, म्हणजे निमकरांच्या मुलीनं, गुरुग्रामहून पाठवला. मुक्ताला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतूनच येतं. "पापा, कुछ करना ही नहीं है, दो सेकंड में अपने आप खुल जाता है," असं तिनं सांगितलं होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं. बैठकीच्या खोलीत सदाशिवरावांनी पट्टा सोडला आणि दोन सेकंदांत सोफा, टीपॉय आणि सुलभाताई यांच्यामध्ये एक भगव्या रंगाचा घुमट उभा राहिला. मिटायचं कसं हे मात्र मुक्ताला, सुबोधला किंवा सोबतच्या चित्रांच्या कागदाला सांगता येईना. तीन दिवस त्याला वळसा घालून निमकर दाम्पत्य टीव्ही बघत होतं. शेवटी चार माणसांनी तो गॅलरीतून खाली सोडला आणि पार्कात ठेवला. तिसऱ्या दिवशी पार्क समितीची चिठ्ठी आली, की पार्कात कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही.

"अहो, तो उघडाच न्या," सुलभाताई म्हणाल्या. "गाडीच्या टपावर बांधून."

टपावर बांधायचं ठरलं. पण गडाच्या पायथ्याशी मुक्काम करायचा तर परवानगी लागते, हे पृथ्वीराज सिंहांना ऐनवेळी आठवलं. सिंचाई विभागात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला परवानगीशिवाय केलेली कुठलीही गोष्ट बघवत नाही. सदाशिवराव आणि सुबोध गोमती नगरातल्या एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं छापील अर्ज पुढे केला. त्यात प्रयोजनाच्या जागी तीनच पर्याय होते: विवाह, फिल्म शूटिंग, धार्मिक आयोजन.

"हम घूमने जा रहे हैं," सदाशिवराव म्हणाले.

"घूमने का कॉलम नहीं है, सर."

"तो नया लिख दीजिए."

बाबूनं त्यांच्याकडे दयेनं बघितलं. "शादी तो आप लोग कर नहीं रहे. शूटिंग?"

"नहीं."

"तो फिर धार्मिक." त्यानं खूण केली. "व्यक्ति?"

"दो."

शिक्का बसला. त्या शिक्क्याचं पुढे काय होणार आहे, हे बाहेर पडताना दोघांच्याही डोक्यात नव्हतं. त्यांनी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि इतक्या लवकर काम झालं म्हणून एकमेकांचं अभिनंदन केलं.

शनिवारी पहाटे निघायचं म्हटलं, तर पृथ्वीराज सिंहांनी सेक्टरातली पंधरा माणसं गोळा करून ठेवलेली. झेंडूच्या माळा, टिळे. "महाराष्ट्र के शेर हैं हमारे डॉक्टर साहब," असं एक छोटं भाषणही झालं आणि वर पोचल्यावरचा फोटो ग्रुपवर टाकायचं वचन घेतलं गेलं. सदाशिवरावांना गळ्यातल्या माळेचा भार एकदम जाणवला. त्यांनी ती काढून गाडीला घातली. मग बाकीच्यांनीही आपापल्या माळा गाडीलाच घातल्या. सुलभाताईंनी मागच्या सीटवर दोन माणसांना तीन दिवस पुरेल असा फराळ ठेवला होता, म्हणजे तो एका वऱ्हाडाला दोन वेळा पुरला असता. त्यातच तिळाच्या वड्यांचा मोठा डबा होता. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्यासाठी केलेल्या वड्यांतल्या निम्म्या त्यांनी इकडे वळवल्या होत्या.

धुकं इतकं होतं की गाडीचं नाक दिसत नव्हतं. सुबोध रेल्वेच्या शिस्तीनं तीसच्या वर जायला तयार नव्हता आणि प्रत्येक फाटकापाशी, ते उघडं असलं तरी, थांबून दोन्हीकडे कान लावत होता. फतेहपूर मागे पडायला दुपार झाली. सूरजगढी दिसली तेव्हा साडेतीन वाजले होते. हातभर उंचीची माळरानावरची टेकडी असेल अशी सदाशिवरावांची आशा होती. प्रत्यक्षात ती सरळ वर गेली होती आणि तिची पायवाट अर्ध्यावर झाडीत नाहीशी होत होती. ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

पाठ केली आणि समोर गाव उभं होतं. पुढे चौकीदार, मागे हातात ताटं घेतलेली चाळीसेक माणसं. चौकीदाराकडे कचेरीतून निरोप आला होता: धार्मिक आयोजन, व्यक्ति दो. आता माळा घातलेली गाडी आली होती आणि तिच्या डोक्यावर भगवा घुमट. चौकीदारानं वाकून दोघांच्या पायांना हात लावला.

"महाराज, हवन की सामग्री पीछे से आ रही है?"

सदाशिवरावांनी सुबोधकडे बघितलं. सुबोध टेकडीकडे बघत होता. अशा वेळी खरं सांगावं हे बरं, पण चाळीस माणसं ताटं घेऊन तासभर थंडीत उभी होती. सदाशिवरावांनी बूट काढले आणि शाळेत पाठ केलेलं एक स्तोत्र अथपासून इतिपर्यंत खणखणीत म्हटलं. सुबोधला कुठलंच स्तोत्र पूर्ण येत नव्हतं. त्यानं ओठ हलवले आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा धरला. मग सुलभाताईंचा फराळ निघाला. चाळीस माणसं जेवली, प्रत्येकाच्या हातावर तिळाची वडी पडली आणि म्हाताऱ्या बायकांनी वडी कशी करतात ते विचारलं.

"कल सप्तमी है महाराज," जाताना चौकीदार म्हणाला. "ऊपर सूर्यनारायण का मंदिर है. जल चढ़ाने तो जाएँगे ही."

"जाएँगे ही," सदाशिवराव म्हणाले.

सकाळी जाग आली तेव्हा तंबूच्या बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. टेकडी आहे की रात्रीत कुणी नेली, तेही कळत नव्हतं. सदाशिवराव फासावर जायच्या तयारीनं बुटाच्या नाड्या बांधत होते. शेजारी सुबोध गुडघा धरून बसला होता.

"सदा, माझं काही खरं नाही," तो म्हणाला. "गुडघा आखडलाय. आज काही वर जाता यायचं नाही. तुझा विरस झाला, पण..."

सदाशिवरावांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना खोकावं लागलं. "छे छे, विरस कसला," ते मोठ्या मनानं म्हणाले. "गड काय, पुन्हा कधीही चढता येतो. माझे काय कमी झालेत? आपण इथंच बसू." असं म्हणून त्यांनी उरलेल्या वड्यांचा डबा उघडून मध्ये ठेवला.

तो डबा एका माकडानं उचलला. कुठून आलं, कळलं नाही. डबा छातीशी धरून ते हरभऱ्याच्या शेतातून पळालं, आणि त्याच्यामागे सुबोध. सदाशिवराव बघत राहिले. आखडलेल्या गुडघ्याचा पासष्ट वर्षांचा माणूस एक बांध उडी मारून ओलांडून गेला, मग दुसरा, मग धुक्यात दिसेनासा झाला. पाच मिनिटांनी तो रिकामा डबा घेऊन तितक्याच तडफेनं परत आला.

"गुडघा?" सदाशिवरावांनी विचारलं.

सुबोधनं खाली बघितलं. "जरा बरा वाटतोय."

"कुठला होता?"

"मघाशी कुठला धरला होता मी?"

सदाशिवराव दगडावर बसले. कानाच्या पाळ्या त्या थंडीतही गरम झाल्या होत्या. "तुला ठाऊक आहे," ते म्हणाले.

सुबोध बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिला. "सत्त्याण्णव सालापासून."

"कुणी सांगितलं?"

"तूच. पायथ्याच्या देवळाचं तू अर्धा तास सांगतोस. विहिरीच्या रहाटाची करकर, शेंदूर खरवडणारा गुरव, चपलांवर डोकं ठेवून झोपलेलं कुत्रं. आणि वर गेलास की दोन वाक्यं. वर कायम धुकं. सत्तावीस गड, सदा, आणि एकदाही ऊन पडलं नाही. मी जन्मभर इन्स्पेक्शनचे रिपोर्ट वाचलेत रे. जागेवर न जाता लिहिलेला रिपोर्ट मला लगेच कळतो."

"म्हणजे तीस वर्षं मनात हसत होतास."

"नाही." सुबोध त्यांच्याशेजारी बसला. "वडिलांच्या बदल्या, मग माझ्या. इटारसी, झाशी, बांदा, लखनौ. मला गाव नाही. खरे इथल्या कायस्थांतही असतात, म्हणून लोक मला कायस्थ समजतात, आणि मीही त्यांच्या चित्रगुप्ताच्या पूजेला जाऊन येतो. महाराष्ट्र म्हणून मला जे काही माहीत आहे ना, ते तुझं ते देऊळ. आता सावनी म्हणते, बाबा, आपल्या माणसांत या. नाशकात मी कुणाला ओळखतो? भीती वाटते मला. म्हणून म्हटलं, जाण्याआधी तुझ्याबरोबर एकदा पायथ्याशी बसावं. वर जायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

सदाशिवरावांचा राग कुठल्या कुठे गेला. उरलं ते बोलून टाकणं भाग होतं.

"बावीस," ते म्हणाले.

"काय?"

"चपला. ते सगळे वर गेले, आणि मी दिवसभर चपला सांभाळत होतो."

सुबोध हसला नाही. त्यानं थोडा विचार केला. "हरवली एखादी?"

"एकही नाही."

"मग ठीक आहे," सुबोध म्हणाला.

मग सदाशिवराव उठले, सूर्यनारायणाला वाहायला पाण्याचा तांब्या घेतला आणि म्हणाले, "चल, वर जाऊ."

त्या चढाईचं वर्णन करण्यासारखं फार नाही. दर दहा पावलांवर एकजण थांबायचा आणि दुसरा त्याची वाट बघतोय असं दाखवून श्वास घ्यायचा. काल वडीची कृती विचारणारी एक म्हातारी डोक्यावर हांडा घेऊन त्यांना ओलांडून वर गेली आणि रिकामा हांडा घेऊन खाली येताना पुन्हा भेटली. "बस महाराज, थोड़ा ही है," असं तिनं दोन्ही वेळेला सांगितलं. सुबोध "पाय इथं ठेव, तिथं ठेव" म्हणत मागे राहिला आणि सदाशिवराव चार पायांवर चालायला लाजायचे ते दुसऱ्या वळणानंतर लाजेनासे झाले. पाणी तांब्यात निम्मंच राहिलं.

मग अचानक पावलापुढे पाऊल टाकायला चढ उरला नाही. धुकं गुडघ्याखाली कुठेतरी राहून गेलं होतं आणि वर लख्ख ऊन होतं. पडक्या भिंती, वाळलेलं गवत, एक चौकोनी टाकं आणि बसक्या शिखराचं देऊळ, सगळं उन्हात स्वच्छ दिसत होतं. सदाशिवराव बासष्ट वर्षांचे होते आणि गडाचा माथा पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

देवळाच्या पायरीशी दोघांनी बूट काढले. भिंतीवर तीन माकडं बसली होती आणि त्यांचं लक्ष बुटांवर होतं. सदाशिवराव सवयीनं खाली बसले, दोन्ही जोड जवळ ओढले आणि तांब्या सुबोधच्या हातात दिला.

"जा तू. मी आहे इथं."

सुबोधनं तांब्या परत त्यांच्या हातात दिला. बूट उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि पायरीवर मांडी घालून बसला.

"मी सांभाळतो," तो म्हणाला. "तू जा, सदा. आणि आल्यावर मला सांग, आत काय काय होतं ते."

सदाशिवराव आत गेले. परत येऊन सांगायचं होतं, म्हणून त्यांनी एकेक गोष्ट नीट बघून घेतली.